डाव्या गालावरचा वांग

चैत्रात जोतिबाची यात्रा उरकली की कोल्हापुरात आमच्याकडे वांगाचे पेशंट वाढतात. उन्हात डोंगर चढून झालेला असतो, मागेपुढे गच्चीवर कुरडया-सांडग्यांची वाळवणं झालेली असतात आणि एके दिवशी आरशात गालावरचा डाग एकदम गडद दिसायला लागतो. अशाच एका एप्रिलमध्ये करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातून ३८ वर्षांच्या एक ताई केएमटीच्या बसने राजारामपुरीत माझ्या दवाखान्यात आल्या. घरचा ऊस, घरचंच गुऱ्हाळ, दोन मुलं. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे. पावणेदोन वर्षांच्या या उपचारात पेशंटला प्रश्न विचारण्याची माझी पद्धतच बदलली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पदर तोंडावर घट्ट धरूनच त्या बसल्या. "मॅडम, तोंडाची नुसती आग आग होतीया. आंघोळीचं पाणीसुद्धा सोसंना झालंय."

पदर बाजूला केल्यावर दोन्ही गालांवर, कपाळावर आणि थोडासा हनुवटीवर तपकिरी-करडा वांग दिसला. नऊ वर्षांपूर्वी, धाकट्याच्या वेळी सहाव्या महिन्यात तो उठला आणि बाळंतपणानंतर गेलाच नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात, रंगपेशी त्यांना फार हळव्या असतात, त्यामुळे इथवर सगळं नेहमीचंच होतं. पण वांग कधी आग करत नाही. तो दिसतो, मनाला लागतो, पण खाजत नाही की पोळत नाही. इथे मात्र डागांवर लालसर झाक होती, गालाच्या उंचवट्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं होतं, हनुवटीवर पुळ्या होत्या आणि कानशिलाजवळ पूर्वी नसलेली लव आली होती. हे चार बदल एका चेहऱ्यावर दिसले की मी एकच विचारते: "काय लावता?"

आधी जायफळ दुधात उगाळून लावलं होतं, मग बटाट्याचा रस, मग लिंबू. (लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते. त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी नवा काळा डाग उठतो.) त्यानंतर तीन वर्षांपूर्वी जावेच्या बहिणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. ती त्यांनी पिशवीतून काढली. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली, शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत पार तोंडापर्यंत पिळलेली. महिन्याला दोन लागायच्या आणि मेडिकलवाला न विचारता द्यायचा. ट्यूबवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती. ती मी बोटाने दाखवली आणि विचारलं, ही कशाची असते ठाऊक आहे का? "छपाईची आसंल की." ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही अशी खूण असते, हे त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: २ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०२५ टक्के ट्रेटिनोइन आणि ०.१ टक्का मोमेटासोन. या तिकडीचं मूळ १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेल्या मिश्रणात आहे. कल्पना चांगली होती आणि आजही आहे. आपल्या त्वचेच्या तळाच्या थरात मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. टायरोसिनेज नावाचं एन्झाइम टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनवायला सुरुवात करतं आणि मग एकेक रंगपेशी आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना ते मेलॅनिन वाटते. हायड्रोक्विनोन त्या टायरोसिनेजला अडवतं, ट्रेटिनोइन वरच्या पेशी लवकर झडायला लावतं आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड या दोघांमुळे होणारी जळजळ दाबतं. रात्री एकदा, आठ ते बारा आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरलं तर वांगावर याच्यासारखं औषध नाही असं मीही म्हणेन.

ताईंनी ते सकाळ-संध्याकाळ तीन वर्षं लावलं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळला, कारण स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं आणि मेलॅनिनही कमी करतं. सगळे म्हणाले, काय गोरी झालीस! मग त्याच स्टिरॉइडने कातडी पातळ होत गेली, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागल्या, पुळ्या आल्या, लव वाढली. पातळ कातडीला ऊन जास्त लागतं, म्हणून वांग पुन्हा गडद झाला. एक दिवस लावलं नाही की आग, आणि आग थांबवायला पुन्हा तीच ट्यूब. या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असं नाव आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या १२ केंद्रांवरच्या एका पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण असं काही ना काही स्टिरॉइड चेहऱ्याला लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायच्या स्टिरॉइडना चिठ्ठीविना विक्रीची असलेली सूट काढून घेतली. कायदा कागदावर आला, पण गावातल्या काउंटरवर ट्यूब अजून मिळते. याची मला मनापासून चीड येते. ही ट्यूब घेणाऱ्या बाईची चूक काहीच नसते. तिला डाग नको असतो आणि चार दिवसांत तो जाताना तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

वूड्स दिव्याखाली (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) वांग मिश्र दिसला: काही भाग वरच्या थरातला, जो त्या दिव्यात ठळक होतो, आणि काही खालच्या थरात झिरपलेला, जो ठळक होत नाही. मानेच्या घड्या पाहिल्या, तिथे इन्शुलिनच्या बिघाडात येणारा मखमली काळेपणा नव्हता. केसांचा काळा रंग त्या वापरत नव्हत्या. ते विचारणं गरजेचं असतं, कारण त्यातल्या रसायनाच्या ॲलर्जीनेही कपाळ-कानशिलं करडी पडतात आणि तो वांग नसतोच. थायरॉइड आणि साखर ठीक होती. वांग मोजायची एक पद्धत आहे: कपाळ, उजवा गाल, डावा गाल आणि हनुवटी, प्रत्येक ठिकाणी डाग किती पसरला याला ० ते ६ आणि किती गडद याला ० ते ४ गुण द्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा, पहिल्या तिघांना ०.३ ने आणि हनुवटीला ०.१ ने गुणून बेरीज करायची. जास्तीत जास्त २४. ताईंची बेरीज ९.४ आली. कपाळ १.२, उजवा गाल ३.६, डावा गाल ४.५, हनुवटी ०.१. हे आकडे मी माझ्या हाताने लिहिले. डावा गाल जास्त आहे हे त्यात स्वच्छ दिसत होतं, आणि मी त्याचा विचार केला नाही.

ट्यूब सोडवण्याचे दिवस

पहिले दोन महिने वांगावर काहीही दिलं नाही. हे पेशंटला समजावणं सगळ्यात कठीण असतं: डाग घालवायला ती बस बदलून आलेली असते आणि आपण सांगतो, आधी आहे ते थांबवूया, त्याने आधी आणखी वाईट दिसेल. मी ट्यूब पूर्ण बंद केली. तोंड धुवायला सौम्य फेसवॉश, दिवसातून तीन-चार वेळा साधं मॉइश्चरायझर, आग आणि लाली कमी करायला स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम, पुळ्यांसाठी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून ती रात्रीच्या जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर.

आठव्या दिवशी त्या परत आल्या. चेहरा सुजलेला, लाल, डोळ्याखाली पापुद्रे सुटलेले. सोबत सासूबाई होत्या आणि त्या माझ्यावर चिडल्या होत्या. "आधी बरी होती की पोरगी. तुम्ही काय केलासा हे?" मी त्यांनाही बसवलं आणि सांगितलं, दारू सुटताना माणसाचे हात थरथरतात, तसं कातडीचं चाललंय. औषध काढून घेतल्यावर दाबलेली सगळी आग एकदम वर येते. तीन-चार आठवडे कळ काढायची. सासूबाईंना ते पटलं. पुढे एका साखरपुड्याच्या आदल्या रात्री ताईंनी लपवून ठेवलेली ट्यूब पुन्हा लावली, तेव्हा ती हिसकावून चुलीत टाकली ती सासूबाईंनीच.

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला तेव्हा आग शमली होती. लाली बरीच उतरली होती. वांग आता उघडा, आहे तसा दिसत होता.

पाळणा लांबवायच्या गोळ्या

आता वांगाचं औषध. ॲझेलेइक ॲसिडचं मलम आधी १० टक्के, सोसल्यावर २० टक्के. ते अतिउत्साही रंगपेशींना आवरतं, पुळ्यांनाही चालतं आणि कातडी पातळ करत नाही. हायड्रोक्विनोन मला या चेहऱ्यावर पुन्हा नको होतं. ते फार काळ लावलं गेलं तर उलट निळसर-काळा रंग कायमचा बसतो. लेझरबद्दल त्यांच्या भाच्याने विचारलं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर वांगासाठी लेझर केल्यावर तो दुप्पट गडद होऊन परतलेला मी पाहिला आहे, त्यातून ही कातडी आधीच दुखावलेली. नको म्हटलं.

पोटात घ्यायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड द्यायचं ठरवलं. अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांना देतात तेच औषध. १९७९ साली जपानमध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या पेशंटना ते देताना वांगही फिकटल्याचं लक्षात आलं. प्लाझ्मिन हे रक्ताच्या गाठी विरघळवणारं एन्झाइम, रंगपेशींना भडकवणारी त्याची साखळी ते तोडतं. वांगाला मात्रा रक्तस्रावापेक्षा बरीच कमी लागते, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पण ते रक्ताच्या गाठी विरघळू देत नाही, म्हणून ज्याला पायात किंवा फुप्फुसात गाठ होण्याचा धोका आहे त्याला ते द्यायचं नाही.

एप्रिलमध्ये मी विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत? उत्तर मिळालं होतं, काहीच नाहीत. चिठ्ठी लिहायच्या आधी यावेळी मी वेगळं विचारलं, "मूल नको म्हणून काय करता?" "गोळ्या खातो की. आशाताई देत्यात घरी आणून. सात वर्सं झाली."

पाळणा लांबवायच्या गोळ्या त्यांच्या लेखी औषध नव्हत्याच. औषध आजाराला घेतात, आणि त्या आजारी कुठे होत्या? प्रश्न माझा चुकला होता. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असतात, म्हणजे धाकट्याच्या वेळी ज्याने वांग उठवला तेच गेली सात वर्षं रोज त्याला खतपाणी घालत होतं. त्याहून गंभीर म्हणजे, इस्ट्रोजेनची गोळी आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड एकत्र घेणं म्हणजे गाठीचा धोका स्वतःहून ओढवून घेणं. मी ती चिठ्ठी लिहिण्यापासून एका प्रश्नाच्या अंतरावर होते.

गोळ्या अशा परस्पर बंद करता येत नाहीत. आशाताई आपलं काम नीट करत होत्या आणि तिसरं मूल नको हा ताईंचा ठाम निर्णय होता. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सगळं तपासून तांबी बसवायचं ठरलं, तिच्यात हार्मोन नसतात. दोन पाळ्या जाऊ दिल्या. पायाला सूज, मागे कधी गाठ, घरात कुणाला तरुणपणी लकवा, असं काही नाही याची खात्री केली आणि ऑगस्टमध्ये बारा आठवड्यांसाठी गोळी सुरू केली.

सनस्क्रीनचं गणित मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत ओढलेली रेघ म्हणजे चेहरा आणि मानेला एका वेळचं माप, साधारण एक ग्रॅम. दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. बहुतेकजणी तीच चार महिने पुरवतात आणि मग सनस्क्रीनचा उपयोग होत नाही म्हणतात. शिवाय वांगाला नुसती अतिनील किरणं भडकवत नाहीत, डोळ्याला दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही भडकवतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्याला आयर्न ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. ताईंना एकाच ट्यूबचा खर्च झेपणार होता, म्हणून टिंटेडच घेतली, ती दोन्ही गाल, कपाळ आणि ओठावर, बाकी चेहरा जाड सुती फडक्याने आणि रुंद काठाच्या टोपीने झाकायचा. रानात टोपी घालायला पहिले आठ दिवस लाज वाटली, नंतर दोन जावांनीही टोप्या आणल्या.

दिवाळीच्या आधी बेरीज ३.९ वर आली. कपाळ ०.३, उजवा गाल १.८, डावा १.८, हनुवटी शून्य. ठरल्याप्रमाणे ट्रानेक्झॅमिक ॲसिड थांबवलं. ताई पदर न धरता हसत बाहेर पडल्या.

डिसेंबर

डिसेंबरच्या अखेरीस त्या आल्या तेव्हा पदर पुन्हा तोंडावर होता. बेरीज ५.१.

मी आधी मनातल्या मनात त्यांच्यावरच शंका घेतली. ट्यूब पुन्हा लावली? नाही, लाली नव्हती, कातडी चांगली होती. सनस्क्रीन? रिकाम्या ट्यूब त्या मोजून घेऊन आल्या होत्या. गोळी थांबवल्यावर वांग परततो, हे तर नेहमीचं आहे. पण तसं असतं तर दोन्ही गाल वाढायला हवे होते. उजवा १.८ वरच होता. डावा एकटा ३.० वर गेला होता. मग मी एप्रिलचा कागद काढला. तेव्हाही डावाच जास्त होता, आणि ते गुऱ्हाळाच्या हंगामानंतरचं माप होतं.

"ताई, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय करता, सगळं सांगा. कुठे बसता तेसुद्धा."

दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं होतं. चुलवाणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीला, जाळ घालणारा गडी दोन वर्षांपूर्वी सोडून गेला, दुसरा मिळाला नाही, तेव्हापासून ते काम ताई करत होत्या. पहाटे चारला पहिली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चढते. "अंधारात कुठलं आलंय ऊन मॅडम, म्हणून मी सांगितलो न्हाई."

रविवारी मी गुऱ्हाळावर गेले. जमिनीखाली चुलवाण, वर काहील, काहिलीवर वाफेचे लोट आणि गूळ बनवणारा गुळव्या फावड्याने रस ढवळत उभा. चुलवाणाच्या तोंडाशी एक दगड ठेवलेला, तीच ताईंची जागा. उजव्या हाताला वाळलेल्या चिपाडांचा ढीग, डाव्या हाताला चुलवाणाचं तोंड. ढिगातून कवळा उचलायचा आणि डावीकडे वळून आत सारायचा. मी त्या दगडावर बसले. काहीलभर, म्हणजे दोन-अडीच तास बसायचं असतं. माझ्याच्याने पाच मिनिटंही निघाली नाहीत. उजवा गाल गार होता, पहाटेच्या थंडीने जवळजवळ बधिर, आणि डावा पोळत होता.

लाकडाच्या, चिपाडाच्या जाळात अतिनील किरणं नसल्यातच जमा, त्यामुळे सनस्क्रीनला तिथे काही काम नाही. जाळ देतो ती उष्णता. वांग असलेल्या त्वचेत रक्तवाहिन्या आधीच जास्त आणि रुंद झालेल्या असतात, उष्णतेने त्या आणखी फुलतात आणि भोवतालच्या पेशी रंगपेशींना चेतवणारी द्रव्यं सोडत राहतात. भट्टीपुढे, भाकरीच्या चुलीपुढे काम करणाऱ्यांचा वांग हट्टी असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पेशंटला "चुलीपासून लांब बसा" असं सांगतही होते. चूल म्हणजे स्वयंपाकघरातली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी गॅस आहे म्हटल्यावर मी तो प्रश्न खोडून टाकला होता.

उपाय तिथेच, त्यांच्या मालकांशी आणि गुळव्याशी बोलून निघाला. हंगामात काम सोडा हे सांगण्यात अर्थ नव्हता, काहील कुणासाठी थांबत नाही. मालकांनी जुना पत्रा आणून दगड आणि चुलवाणाच्या मध्ये उभा केला, खाली चिपाड सारण्यापुरती फट ठेवून. कवळा हाताने घालायच्याऐवजी लांब दांड्याच्या आकड्याने ढकलायचा, म्हणजे दगड चार हात मागे नेता आला. पाळी एका काहिलीची, पुढची दिराने घ्यायची. पाळी संपली की गार पाण्याचं ओलं फडकं दहा मिनिटं चेहऱ्यावर. गुळव्या तीस वर्षं या धगीत उभा आहे. तो आपल्या काळवंडलेल्या दंडाकडे बघत म्हणाला, "मलाबी एखादा पत्रा लावा की." त्याला मी हाताच्या तपासणीला बोलावलं, तो पुढे आलाही.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड पुन्हा दिलं नाही. ॲझेलेइक ॲसिड, टोपी, टिंटेड सनस्क्रीन आणि पत्रा, एवढंच चालू राहिलं. उन्हाळ्यात थोडा वाढला, पावसात उतरला. खालच्या थरातला करडा भाग राहिला आहे आणि तो पूर्ण जाणार नाही हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, आग नाही आणि लोक विचारत नाहीत, बास झालं.

परवा, या जानेवारीत, हंगाम अर्धा झालेला असताना त्या आल्या. बोटांना गुळाचा वास, पिशवीत माझ्यासाठी काकवीची बाटली. मी कागद काढून माप घेतलं. कपाळ शून्य, हनुवटी शून्य. उजवा गाल ०.६, डावा गाल ०.६.